नानांच्या पट्टीची कोरी कड

इंद्रपुरी, भोपाळ
२८ जुलै २०२४

ती. ताई,

नमस्कार, आणि तो वाकूनच समज. कंबर साथ देत नाही, पण पत्रात वाकायला काय जातं?

फोन करत नाही, कारण फोनवर तू कानातलं मशीन काढून ठेवतेस आणि नुसतं "हो, हो" म्हणत बसतेस हे मला आता कळलंय. व्हॉट्सअ‍ॅपला समास नसतो म्हणून तू ते वाचत नाहीस. तेव्हा टपालाशिवाय इलाज नाही.

मुद्द्याचं बोलतो. मे महिन्यात तू जिन्यावरून घसरलीस, मनगट मोडून घेतलंस, आणि आम्हाला ते चार दिवसांनी शेजारणीकडून कळलं. जूनमध्ये मी आणि मालती तुला कायमचं इकडे आणायला उज्जैनला आलो, तर तू काय म्हणालीस? "तुमच्याकडे माझी साडेसहाशे पुस्तकं कुठे मावणार? आधी पुस्तकांना जागा कर, मग मला बोलाव." एवढं बोलून चहा ठेवायला आत गेलीस. तुला वाटलं विषय संपला.

विषय संपला नाही. मी राउटर घेतला आहे.

इंटरनेटचं खोकं नव्हे. हे लाकडात खाच पाडायचं मशीन आहे. खाली एक पातं गरगर फिरतं, आपण दोन्ही मुठी धरून फळीवरून ढकलायचं, मागे खाच पडत जाते. दोन उभ्या फळ्यांना समोरासमोर सहा-सहा खाचा पाडायच्या आणि त्यांत सहा आडव्या फळ्या सरकवायच्या. खिळा नाही, स्क्रू नाही. फळ्या चौदा इंच खोल, म्हणजे पुस्तकांच्या मागेपुढे दोन रांगा. मागची खोली रिकामी केली आहे. भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, तू मला ओवाळशील आणि मी ओवाळणी म्हणून कपाट घालीन. ताटात मावणार नाही, तेवढं सांभाळून घे.

सुताराला का देत नाही, असं मालतीनेही विचारलं. ताई, कारखान्यात चौतीस वर्षं मी निरीक्षण विभागात काढली. दुसऱ्यांनी केलेलं मोजायचं आणि लाल शिक्का मारून परत पाठवायचं. स्वतःच्या हाताने मी साधा वॉशरही केला नाही. एक वस्तू मला करायची आहे आणि ती तुझ्यासाठी करायची आहे.

तुझा
विनायक

ता. क. — वन्सं, मी मालती. मशीन आल्यापासून तीनदा डब्यातून काढून, पुसून, परत डब्यात ठेवलं. अजून प्लगला लावलेलं नाही. माहितीपुस्तिका मात्र पाठ झाली आहे, जर्मन पानासकट.


उज्जैन
५ ऑगस्ट २०२४

चि. विनायक,

आशीर्वाद नेहमीपेक्षा जरा जास्त पाठवते आहे. लागतील.

मनगट बरं आहे. ओळी थोड्या उतरत्या जातात, ते तुझ्या नजरेतून सुटणार नाहीच.

स्वतःच्या हाताने काही केलं नाही म्हणतोस ते खोटं आहे. सातवीत हस्तकलेला तू स्टूल केलं होतंस. त्यावर नाना बसले आणि काही न बोलता उठून सतरंजीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी आईने ते बंबात घातलं आणि आपण सगळ्यांनी त्यावर तापलेल्या पाण्याने अंघोळी केल्या. तुझ्या सुतारकामाचा आजवर झालेला उपयोग तेवढाच.

आता नीट ऐक. एक खाच सरळ असून भागत नाही. समोरासमोरच्या खाचा एकाच उंचीवर हव्यात आणि सगळ्या एकमेकींना समांतर हव्यात. म्हणजे बारा सरळ रेषा. तुझ्या हातून आयुष्यात एक आली नाही. तुझ्या वहीत समाससुद्धा मी आखून देत असे.

तरी मी शब्दाची पक्की आहे. कपाट झालं तर येईन. पण गुण्या घेऊन येईन, आणि एक जरी फळी कलती निघाली तर संध्याकाळच्या गाडीने परत. एकोणचाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, कोणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही, तो भावाला देणार नाही.

बोटं सांभाळ.

तुझी
ताई


इंद्रपुरी, भोपाळ
२१ ऑगस्ट २०२४

ती. ताई,

स्टुलाचा विषय काढायची गरज नव्हती. मालतीने ते पत्र फ्रिजला चिकटवलं आहे.

मशीन सुरू केलं. पहिली खाच नुसत्या हाताने, डोळ्याच्या अंदाजाने काढली. ती सरळ आहे असं मी म्हणणार नाही, पण तिला एक ओघ आहे.

ती घेऊन मी लाकडाच्या टालीवर आरिफ मिस्त्रीकडे गेलो. त्याने फळी डोळ्यासमोर धरली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फळीकडे. "को खां," म्हणाला, "मशीन तो अंधी है. सीधी तो पट्टी होती है, मशीन उससे चिपक के चलती है. बगैर लाठी के अंधे को छोड़ दिया आपने!" मग त्याने शिकवलं. दोन्ही उभ्या फळ्या शेजारी-शेजारी ठेवायच्या, दोन्हींवर मिळून एकच पट्टी आडवी आवळायची आणि मशीन तिला टेकवून ढकलायचं. म्हणजे समोरासमोरच्या दोन्ही खाचा एका दमात पडतात, आपोआप एका उंचीवर. आणि एका वेळी थोडंच खोल जायचं. "तीन बार में खिलाओ. एक बार में ठूंसोगे तो लकड़ी जलेगी."

सरळ पट्टी कुठून आणायची, असा मला प्रश्नच पडला नाही. ताई, नानांची पट्टी! अडीच फुटी, अस्सल सागवानी. तीस वर्षं त्या पट्टीने नानांनी शाळेत ड्रॉइंग शिकवलं. नानामास्तरांची रेघ म्हणजे रेघ, असं अख्खं उज्जैन म्हणायचं. जाण्याआधी नानांनीच सांगून ठेवलं होतं, पट्टी विनायकला द्यावी. तुला ती हवी होती, आणि तिच्यापायी तू माझ्याशी तीन महिने बोलली नाहीस. आता तीच पट्टी तुला भोपाळला आणणार, बघ.

सव्वीस वर्षांनी भिंतीवरून खाली काढली. एक कड शाईने काळीकुट्ट आणि झिजलेली आहे. दुसरी अगदी कोरी, काल केल्यासारखी. मी अर्थातच कोरी कड वापरणार. निरीक्षकाची नजर उगाच नसते.

तुझा
विनायक

ता. क. — वन्सं, ओघ असा की खाच फळीवरून निघाली ती थेट जेवणाच्या टेबलात शिरली. आता टेबलावर आमटी सांडली की बरोबर यांच्या ताटाकडे वाहते. — मालती


उज्जैन
२७ ऑगस्ट २०२४

चि. विनायक,

नानांच्या पट्टीला हात लावू नकोस.

ती वडिलांची आठवण आहे. मशीनखाली सापडली तर तुकडे होतील. बाजारात अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप मिळतो, खिडक्यांना लावतात तो. तो आण. शिवाय सागवान पावसाळी हवेत फुगतं. (सागवान फुगत नाही हे मला माहीत आहे, पण हे फुगतं.)

पट्टी होती तिथे खुंटीवर टांगून ठेव. कारण विचारू नकोस. मोठी बहीण सांगते आहे, तेवढं पुरे.

ताई


इंद्रपुरी, भोपाळ
२२ सप्टेंबर २०२४

ती. ताई,

गणपती येऊन गेले, म्हणून उत्तराला उशीर झाला. हे खरं कारण नाही, पण लिहायला बरं पडतं.

तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. सव्वीस वर्षं झाली, तरी तुझ्या मनातून तो राग गेला नाही? मी ठरवलं, याच पट्टीने तुझं कपाट करायचं आणि झालं की पट्टी तुझ्याच हातात द्यायची. म्हणून मी ती मुद्दाम वापरली.

आता अहवाल. दोन्ही उभ्या फळ्या शेजारी ठेवल्या. वर पट्टी आवळली. प्रत्येक खाचेला तीनदा मशीन फिरवलं. एकदाही पट्टी सोडली नाही, एकदाही घाई केली नाही. बारा खाचा. काय दिसत होत्या, ताई! मी मालतीला बोलावून दाखवल्या. दूधवाल्यालाही दाखवल्या.

मग पहिली आडवी फळी सरकवली. ती निम्म्यात अडकली. हातोडीने ठोकली तर आणखी चार बोटं आत गेली, आणि आता पुढेही जात नाही नि मागेही येत नाही. दुसरी तशीच. तिसरीला मी हात लावला नाही.

सगळं मोजलं. फळीची जाडी बरोबर, खाचेची रुंदी बरोबर, पात्याचा व्यास बरोबर. प्लायला दोष दिला, दमट हवेला दिला, व्होल्टेजला दिला, आरिफलाही देऊन पाहिला. तो म्हणाला, पट्टी दाखवा. मी म्हटलं, मियां, ती आमच्या वडिलांची पट्टी आहे, तिच्याबद्दल बोलायचं नाही. तो पुन्हा आपल्या करवतीकडे वळला.

तर सगळं बरोबर आहे. फक्त कपाट होत नाही.

तुझा
विनायक

ता. क. — वन्सं, चेष्टा बाजूला ठेवते. दहा दिवस हे धड बोलत नाहीत. काल जेवताना म्हणाले, "ताईला न येण्याचं निमित्त हवं होतं, ते मी स्वतःच्या हाताने तयार करून दिलं." तुम्ही यांना काहीतरी लिहा. रागावून लिहिलंत तरी चालेल. — मालती


उज्जैन
३० सप्टेंबर २०२४

चि. विन्या,

तुझं काहीही चुकलं नाही. पट्टी वाकडी आहे.

विश्वास बसणार नाही, म्हणून ताडून पाहा. कागदावर त्या कोऱ्या कडेने एक रेघ ओढ. मग पट्टी पालथी घालून, तीच कड त्याच दोन टोकांना लावून, पुन्हा ओढ. कड सरळ असेल तर दोन्ही मिळून एकच रेघ दिसेल. मध्ये फट पडली तर वाकडी. सातवीच्या मुलांनाही मी हे करायला लावायची. आपल्या पट्टीवर मात्र हे करायचं धाडस मला कधी झालं नाही. मला करायची गरजच नव्हती.

मे महिना होता, १९६७. मी बारा वर्षांची, तू पाच. आईने गच्चीवर धोतर पसरून पापड वाळत घातले होते आणि राखायला मला बसवलं होतं. धोतर वाऱ्याने उडत होतं, म्हणून मी नानांची पट्टी आणून त्याच्या कडेवर वजन म्हणून ठेवली. दुपारी वळवाची सर आली. मी पापड उचलले, धोतर उचललं, तुलाही काखोटीला मारून खाली आणलं, आणि पट्टी विसरले. ती रात्रभर पाण्यात पडली आणि दुसऱ्या दिवशी उन्हात तापली. सापडली तेव्हा तिला पोक आलं होतं. मी ती गव्हाच्या कोठीखाली दडपून ठेवली, की सरळ होईल. झाली नाही. मग गुपचूप खुंटीवर टांगून दिली.

नाना ती शाळेत घेऊन गेले. मी रोज वाट पाहिली, आज विचारतील, उद्या विचारतील. त्यांनी कधीच विचारलं नाही. पुढे कितीतरी वर्षं ते त्याच पट्टीने शिकवत राहिले, आणि लोक त्यांच्या रेघेचं कौतुक करायचे तेव्हा मी तिथून उठून जायची. माझ्या बापाची प्रत्येक रेघ माझ्यामुळे वाकडी जाते आहे आणि त्यांना ठाऊक नाही, असं मला वाटायचं. पट्टी मला हवी होती ती लपवायला. त्यांनी ती तुला दिली तेव्हा वाटलं, त्यांना कळलं होतं, आणि माझ्या हाती द्यायची नाही ही माझी शिक्षा. तीन महिने बोलले नाही ते रागाने नाही. तू ती कधीतरी वापरशील या भीतीने.

तेव्हा कपाट बिघडलं ते माझ्यामुळे. अट मी मागे घेते. लाकडाची आणखी नासाडी करू नकोस. मी इथे ठीक आहे, जिना आता सांभाळून उतरते.

ताई


इंद्रपुरी, भोपाळ
१३ ऑक्टोबर २०२४

ती. वन्सं,

या वेळी पत्र माझं आणि ता. क. यांचं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या. मधून शेंगदाणा गेला असता. मग पट्टी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि चार दिवस तिच्याशी अबोला धरला. तुमच्यावर राग नव्हता. "नानांची रेघ वाकडी कशी असेल, मालती?" एवढंच पुन्हापुन्हा विचारायचे.

काल दसरा. यांच्या मशीनची, क्लॅम्पची, पटाशीची पूजा मांडायची म्हणून मी सगळं पुसायला घेतलं. म्हटलं, पट्टीनेही काम केलं आहे, वाकडं का होईना, तिलाही हळदकुंकू लावू. पुढची बाजू यांनी पुसलेली होती. मागची, इतकी वर्षं भिंतीला टेकलेली बाजू, मेणचट काळी होती. रॉकेलच्या बोळ्याने घासली तर खालून अक्षरं निघाली. ड्रॉइंगच्या पक्क्या काळ्या शाईने, बारीक टाकाने लिहिलेली. जशीच्या तशी उतरवते:

"ही वरची कड वाकली आहे, वापरू नये. खालची रंधून सरळ करून घेतली आहे, तीच वापरावी. शारदेला याबद्दल कोणी विचारू नये, ती घाबरेल. २२ मे १९६७."

वन्सं, नानांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ते आयुष्यभर सरळ कडेनेच रेघा ओढत होते, म्हणून तर ती कड शाईने काळी झाली आणि दुसरी कोरी राहिली. यांनी कोरी दिसते म्हणून नेमकी वाकडी निवडली. चौतीस वर्षांची निरीक्षकाची नजर!

हे वाचून हे खाली बसले आणि हातातल्या फडक्याने डोळे पुसले. फडक्याला भुसा होता, त्यामुळे डोळे अजून लाल आहेत. आरिफभाईंना दाखवलं तर त्यांनी पट्टी कपाळाला लावली आणि दोन नव्या उभ्या फळ्या स्वतः रिक्षातून आणून दिल्या.

जुन्या फळ्या, त्यांत अडकलेल्या दोन आडव्यांसकट, गॅलरीत उभ्या केल्या आहेत. त्यावर मी कुंड्या ठेवल्या. इतकी मजबूत वस्तू यांच्या हातून पुन्हा होणे नाही.

तुमची
मालती

ता. क. — ताई, आज सकाळी काळ्या कडेने पहिल्या दोन खाचा पाडल्या. फळी एका बोटाने आत गेली. बाहेर काढली आणि पुन्हा घातली, असं अकरा वेळा केलं. आयुष्यात मी एकच गोष्ट न मोजता पास केली, ती ही पट्टी, आणि ती मोजू नये असं नानांना वाटत असणार असं मी धरून चाललो. त्यांनी तर मोजून, दुरुस्त करून, वर लिहून ठेवलं होतं. पट्टी मला का दिली तेही आता कळतंय. तुझ्या हाती आली असती तर ती रोज तुझ्या डोळ्यांसमोर राहिली असती.

तू अट मागे घेतलीस ते मला मान्य नाही. भाऊबीज ३ तारखेला आहे. — विनायक


उज्जैन
२० ऑक्टोबर २०२४

चि. विन्या आणि सौ. मालती,

पत्र आलं तेव्हा मी उभ्याने वाचत होते. मग बसले. मग कानातलं मशीन काढून ठेवलं, कारण मला माझंच रडणं मोठ्याने ऐकू येत होतं. सत्तावन्न वर्षं मी त्या माणसाला घाबरले, आणि तो मी घाबरेन म्हणून गप्प बसला होता. आम्हा दोघांनाही एकमेकांशी बोलायला काय झालं होतं, कोण जाणे.

आता माझ्याकडूनही एक उघड करते. माझी पुस्तकं साडेसहाशे नाहीत. मोजून दोनशे अकरा आहेत. बाकीची मी शाळेच्या ग्रंथालयाला दिली त्याला सहा वर्षं झाली. तुझ्याच्याने होणार नाही असा आकडा हवा होता, म्हणून तो सांगितला. तुमच्या घरात जन्मभराची पाहुणी होऊन बसायची मला लाज वाटत होती. आणि तू, मूर्खा, खरंच मशीन घेऊन आलास.

मला यायचं आहे. गेल्या मेपासून यायचं आहे. या जिन्याची मला रोज भीती वाटते.

२ नोव्हेंबरला दुपारच्या गाडीने निघते. हबीबगंजला उतरवून घ्यायला ये. त्याला आता राणी कमलापती म्हणतात हे मला माहीत आहे, पण तू हबीबगंजवरच उभा राहा. सोबत एक बॅग आणि दोन खोकी असतील. बाकीची पुस्तकं मागून. चार फळ्या रिकाम्या राहतील, त्यांवर मालतीने काय हवं ते ठेवावं, तुझं जर्मन पान सोडून.

गुण्या आणते आहे. कपाट मी मोजणारच. एखादी फळी कलती निघाली तर तशीच राहू देऊ, संध्याकाळच्या गाडीचं मी बघितलेलं नाही.

आणि पट्टी माझ्या खोलीत टांग, पलंगावरून दिसेल अशी. लिहिलेली बाजू बाहेर.

तुझी
ताई